टीव्हीचा सिग्नल मुद्दाम कमी करून काय कळतं? अ‍ॅटेन्युएटर चाचणी समजून घ्या

छतावर अ‍ॅल्युमिनियमचा अँटेना असायचा त्या काळात सिग्नल खराब झालाय हे कुणी सांगावं लागत नसे. पडद्यावर मुंग्या यायच्या. सिग्नल आणखी घसरला की मुंग्या वाढायच्या, चित्राला सावली यायची, आवाजात खरखर मिसळायची. तरीही क्रिकेटचा सामना बघता यायचा. घरातलं कुणीतरी वर जाऊन अँटेना फिरवायचं आणि खालून 'आलं, आलं... गेलं' अशी कॉमेंट्री चालायची.

डिजिटल टीव्हीत मुंग्या नाहीत. सिग्नल पुरेसा आहे तोवर चित्र एकदम स्वच्छ असतं. तो जरा खाली गेला की आधी चौकोन-चौकोन दिसतात आणि मग थेट काळा पडदा. जोराच्या पावसात डीटीएचवर 'नो सिग्नल'ची पाटी येते, तो याच जातीचा प्रकार. तिथे लहरी उपग्रहाकडून येतात आणि त्यांची फ्रिक्वेन्सी बरीच जास्त असते, पण चित्र अचानक जाण्याचं कारण तेच. इंजिनिअर याला 'क्लिफ इफेक्ट' म्हणतात. सपाट माळावरून चालता चालता एकदम कडा लागावा, तसं.

यातून एक अडचण उभी राहते. दोन कंपन्यांचे टीव्ही शेजारी लावले आणि दोघांवरही चित्र सारखंच सुंदर दिसलं, तरी एक कड्यापासून दोन पावलांवर आणि दुसरा वीस पावलांवर उभा असू शकतो. नुसतं बघून हे कळत नाही. कळण्याचा सरळ मार्ग एकच: सिग्नल मोजूनमापून कमी करत जायचं आणि कोणता संच कुठे पडतो ते लिहून ठेवायचं. सिग्नल असा ठरलेल्या मापानं कमी करणाऱ्या उपकरणाला अ‍ॅटेन्युएटर म्हणतात. आज हे उपकरण कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतं.

ही चाचणी फक्त प्रयोगशाळेपुरती वाटत असेल, तर अमेरिकेचं उदाहरण बघा. १२ जून २००९ पर्यंत तिथल्या सगळ्या मोठ्या क्षमतेच्या टीव्ही केंद्रांनी जुनं अ‍ॅनालॉग प्रसारण बंद केलं. केबल किंवा डिश नसलेल्या, फक्त अँटेनावर टीव्ही बघणाऱ्या घरांना जुना संच चालू ठेवायचा तर कन्व्हर्टर बॉक्स घ्यावा लागणार होता. त्यासाठी सरकारनं ४० डॉलरची कूपनं दिली, घरटी जास्तीत जास्त दोन. मागणी इतकी झाली की जानेवारी २००९ मध्ये कूपनांचा निधी अडला, प्रतीक्षा यादी लागली आणि १७ फेब्रुवारीची मूळ तारीख जूनपर्यंत ढकलावी लागली. पण दुकानातला कोणताही बॉक्स या कूपनावर मिळत नव्हता. बॉक्सला आधी काही चाचण्या पास व्हाव्या लागत आणि त्यातली एक म्हणजे उणे ८३ डीबीएम इतक्या क्षीण सिग्नलवरही चित्र टिकवणं.

हा 'उणे ८३' आकडा नेमका काय आहे?

डेसिबलचा हिशोब

डेसिबल हे पटीत मोजण्याचं माप आहे. १० डेसिबल कमी म्हणजे सिग्नलची शक्ती दहाव्या भागावर आली. २० कमी म्हणजे शंभराव्या भागावर. ३ डेसिबल कमी म्हणजे साधारण निम्मी. या मापाची सोय अशी की गुणाकार-भागाकाराऐवजी बेरीज-वजाबाकीत काम भागतं. डीबीएम म्हणजे एक मिलीवॅटच्या तुलनेत किती. शून्य डीबीएम म्हणजे बरोबर एक मिलीवॅट.

या हिशोबानं उणे ८४ डीबीएम म्हणजे सुमारे ४ पिकोवॅट. एका वॅटचे एक लाख कोटी तुकडे केले, तर त्यातले चार. एवढ्याशा शक्तीतून टीव्हीला रंगीत चित्र आणि आवाज उभा करायचा असतो.

कूपनाच्या बॉक्सला दुसरं टोकही सांभाळायचं होतं. ट्रान्समिशन टॉवरच्या पायथ्याशी राहणाऱ्याकडे सिग्नल उलट फार जोरात येतो आणि संचाचं पुढचं सर्किट त्यात बुडून जातं. म्हणून अट उणे ८३ पासून उणे ५ डीबीएमपर्यंतची होती. फरक ७८ डेसिबलचा, म्हणजे सहा कोटी पटींहून जास्त.

८४ कुठून आले?

मला या विषयातला सगळ्यात आवडलेला भाग हाच. हा आकडा कुण्या समितीनं सोयीनं ठरवलेला नाही, तो निसर्गाच्या एका मर्यादेपासून सुरू होतो.

कोणत्याही तारेत, कोणत्याही रेझिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात आणि त्यातून एक बारीकशी विद्युत खरखर तयार होते. खोलीच्या तापमानाला ही खरखर एक हर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यात उणे १७४ डीबीएम असते. अमेरिकेत टीव्हीचं एक चॅनल ६ मेगाहर्ट्‌झ रुंद असतं. तेवढ्या रुंदीतली खरखर एकत्र केली की उणे १०६.२ डीबीएम होते. यापेक्षा शांत जागा त्या चॅनलवर मिळूच शकत नाही.

टीव्हीचं स्वतःचं सर्किट त्यात भर घालतं. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकानं, म्हणजे एफसीसीनं, यूएचएफ चॅनलसाठी ही भर ७ डेसिबल धरली. खरखर आता उणे ९९.२ वर आली. डिजिटल चित्र नीट उलगडायला सिग्नल त्या खरखरीपेक्षा सुमारे १५.२ डेसिबल, म्हणजे साधारण ३३ पट, वर असावा लागतो. बेरीज केली की उणे ८४. व्हीएचएफ चॅनलसाठी सर्किटची भर १० डेसिबल धरली होती, म्हणून तिथे आकडा उणे ८१.

अ‍ॅटेन्युएटर लावल्यावर नक्की काय बिघडतं, तेही या हिशोबातून कळतं. अ‍ॅटेन्युएटर सिग्नल कमी करतो, पण खरखर कमी होत नाही, कारण तो स्वतःही खोलीच्या तापमानाला असलेल्या रेझिस्टरांचाच बनलेला असतो. सिग्नल खाली उतरत राहतो, खरखर जागेवरच राहते आणि दोघांमधलं अंतर १५ डेसिबलच्या आसपास आलं की कडा येतो. (आपल्याकडे यूएचएफचं चॅनल ८ मेगाहर्ट्‌झचं असतं. दूरदर्शननं मुंबईसह काही शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचं डिजिटल प्रसारण सुरू केलं, त्याला हाच हिशोब लागू होतो. फक्त चॅनल रुंद असल्यानं खरखर सव्वा डेसिबलनं जास्त आणि सिग्नल-खरखरीतलं अंतर प्रसारणाच्या सेटिंगनुसार वेगळं.)

डब्याच्या आत काय असतं?

साधा अ‍ॅटेन्युएटर म्हणजे तीन रेझिस्टर. दोन टोकांना एकेक जमिनीकडे जाणारा, मध्ये एक आडवा. टीव्हीच्या ७५ ओहमच्या केबलवर १० डेसिबल घट हवी तर टोकांना सुमारे १४४ ओहम आणि मध्ये सुमारे १०७ ओहम. सिग्नलची ठरलेली शक्ती उष्णता होऊन जाते, उरलेली पुढे जाते.

पण चाचणीत घट बदलती हवी. त्यासाठी किराणा दुकानातल्या वजनांची युक्ती वापरतात. १, २, ४, ८, १६ आणि ३२ डेसिबलचे सहा टप्पे एकामागे एक जोडायचे आणि प्रत्येकाला एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. रिले एका बाजूला गेला की सिग्नल रेझिस्टरांतून जातो, दुसऱ्या बाजूला गेला की सरळ तारेतून. २१ डेसिबल हवेत? १६, ४ आणि १ चालू करा. सहा रिलेंमध्ये शून्यापासून ६३ पर्यंत प्रत्येक आकडा मिळतो.

सहा रिले म्हणजे सहा तारा, आणि प्रत्येक तारेवर 'चालू' किंवा 'बंद'. कॉम्प्युटरला याहून सोपी भाषा कोणती असणार? पूर्वीच्या पीसीमागे प्रिंटरसाठी पॅरलल पोर्ट असायचा. त्यात डेटाच्या आठ तारा असत. मधे एक ट्रान्झिस्टरचं सर्किट टाकून अनेकांनी त्यावरच रिले चालवले. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी हा पोर्ट पाहिलाही नसेल. मोठ्या प्रयोगशाळांत १९७५ मध्ये प्रमाणित झालेली आयईईई-४८८ ही जोडणी असे, जिचं मूळ एचपी कंपनीच्या एचपी-आयबीमध्ये आहे. आता बहुतेक ठिकाणी यूएसबी किंवा नेटवर्कची केबल असते.

रिलेऐवजी चिपवरचे इलेक्ट्रॉनिक स्विचही मिळतात. सहा बिटांची चिप अर्ध्या अर्ध्या डेसिबलनं ३१.५ पर्यंत घट देते, तीही मायक्रोसेकंदांत, आणि झिजायला तिच्यात काही हलतच नाही. मग रिले हवेत कशाला? कारण जोरदार सिग्नल आला की चिप स्वतःच त्यात भेसळ करते. दोन चॅनल मिसळून नसलेलंच तिसरं तयार होतं. रेझिस्टर आणि रिले असं करत नाहीत.

कॉम्प्युटर का लागतो?

हातानं नॉब फिरवून हे काम वर्षानुवर्षं झालं आहे. पण हिशोब करून बघा. एका चॅनलवर ८० डेसिबलचा पल्ला, एकेक डेसिबलची पायरी आणि प्रत्येक पायरीवर २० सेकंद निरीक्षण धरलं, तर सुमारे २७ मिनिटं लागतात. दहा चॅनल म्हणजे साडेचार तास. हा झाला एक टीव्ही आणि एकच चाचणी. शेजारच्या चॅनलचा त्रास मोजायचा असेल तर दोन सिग्नल लागतात, दोन अ‍ॅटेन्युएटर लागतात आणि जोड्यांची संख्या फुगत जाते. एटीएससी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २००४ मध्ये संचांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात हा त्रास उणे ६८, उणे ५३ आणि उणे २८ डीबीएम अशा क्षीण, मध्यम आणि जोरदार तीन पातळ्यांवर तपासायला सांगितलं आहे.

वेळेपेक्षा मोठं कारण बारकाईचं आहे. अमेरिकेच्या पद्धतीत कडा जेमतेम एका डेसिबलचा असतो. वरच्या काठावर चित्र निर्दोष, खालच्या काठावर काहीच नाही. एकेक डेसिबलच्या पायऱ्या घेतल्या तर कडा एका ढांगेत ओलांडला जातो. म्हणून कड्याजवळ पोचल्यावर पायरी अर्ध्या किंवा दहाव्या डेसिबलची करावी लागते, आणि तीच चढ-उतार पुन्हा पुन्हा, प्रत्येक संचावर अगदी सारखी करावी लागते. दुपारी चारच्या सुमारास माणसाकडून ते होत नाही.

'चित्र गेलं' म्हणजे काय, याचीही व्याख्या ठरलेली आहे. अमेरिकेच्या पद्धतीत डेटा सेकंदाला सुमारे १२,९३५ तुकड्यांत येतो. त्यातले सरासरी अडीच तुकडे खराब झाले की डोळ्यांना दोष दिसू लागतो, आणि तिथे कडा मानतात. चाचणीसाठी बनवलेला रिसीव्हर हा आकडा कॉम्प्युटरला थेट कळवतो. प्रोग्राम म्हणतो: घट अर्ध्या डेसिबलनं वाढव, थांब, चुका मोज, लिही, पुढे जा. दुकानातल्या संचाला मात्र चुकांचा आकडा बाहेर काढणारी पिन नसते. तिथे शेवटी एक माणूस पडद्यासमोर बसतो आणि डोळ्यांत तेल घालून चौकोन शोधतो.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला इथे एक मोह होतो. पल्ला ८० डेसिबलचा असेल तर प्रत्येक वेळी मधोमध उडी मारली की सात चाचण्यांत उत्तर सापडतं, सगळ्या पायऱ्या कशाला चढा? पण टीव्हीला स्मृती असते. लागलेलं चॅनल तो बऱ्याच क्षीण सिग्नलपर्यंत धरून ठेवतो, पण एकदा सुटलं की पुन्हा पकडायला बहुधा त्याहून जास्त सिग्नल मागतो, आणि वेळही. म्हणजे कडे दोन आहेत: उतरतानाचा एक, चढतानाचा दुसरा. उड्या मारणारा प्रोग्राम या दोघांची सरमिसळ करतो. घरात याचा अर्थ साधा आहे. चालू असलेलं चॅनल दिसत राहतं, पण चॅनल बदलून परत आलात तर ते लागत नाही.

चाचणीच खोटं बोलते तेव्हा

समजा, घट ३१ वरून ३२ वर न्यायची आहे. बदल एका डेसिबलचा. पण आत पाच रिले बंद होतात आणि एक चालू होतो. सहावा आधी लागला आणि पाच नंतर सुटले, तर काही मिलीसेकंद घट ६३ होते. टीव्हीचं चॅनल तेवढ्यात सुटतं आणि कॉम्प्युटर लिहून ठेवतो: '३२ डेसिबलवर नापास.' उलट क्रमानं झालं तर क्षणभर घट शून्य होते आणि संचाला सिग्नलचा धक्का बसतो. म्हणून रिले हलवण्याचा क्रम विचारपूर्वक ठरवतात आणि बदलानंतर थोडं थांबूनच मोजतात.

दुसरा सापळा केबलचा. टीव्हीचं जग ७५ ओहमचं, प्रयोगशाळेतली बरीचशी उपकरणं ५० ओहमची. दोघांना जोडायला मधे जुळणीचा पॅड लावतात आणि तो स्वतःच ५.७ डेसिबल खातो. हे हिशोबात धरलं नाही तर संचाला वाटतो त्यापेक्षा कमी सिग्नल मिळत असतो आणि बिचारा धडधाकट टीव्ही कमजोर ठरतो. शिवाय 'शून्य'वर ठेवलेला अ‍ॅटेन्युएटरही थोडा सिग्नल खातोच, आणि तो प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा. इथे कॉम्प्युटर खरा उपयोगी पडतो. एकदा सगळी फ्रिक्वेन्सी मोजून तक्ता भरला की पुढे प्रत्येक आकडा तो आपोआप दुरुस्त करतो.

तिसरा सापळा उलट दिशेचा. घट ७०-८० डेसिबलपर्यंत गेली की केबलमधून येणारा सिग्नल इतका बारीक होतो की जनरेटरच्या डब्यातून किंवा सैल जोडातून हवेत गळणारा सिग्नलच टीव्हीत शिरतो. वर गावातल्या खऱ्या टॉवरचा सिग्नलही असतो. मग घट कितीही वाढवा, चित्र जात नाही आणि संच चमत्कारी वाटू लागतो. तपासणी सोपी आहे: अ‍ॅटेन्युएटरकडून येणारी केबल काढून टीव्हीच्या तोंडाला ७५ ओहमचं टोपण लावायचं. तरीही चॅनल दिसत असेल तर गळती आहे. म्हणून गंभीर चाचण्या धातूनं मढवलेल्या खोलीत होतात.

आकड्यामागची घरं

अमेरिकेत २००४ च्या एका कायद्यानं एफसीसीला प्रश्न विचारला होता: बाजारातल्या परवडणाऱ्या डिजिटल टीव्हींमध्ये सिग्नल पकडण्याच्या क्षमतेत मोठा फरक आहे का? उत्तरावर बरंच अवलंबून होतं. ज्या घरात स्थानिक केंद्राचा सिग्नल पुरेसा पोचत नाही, त्यालाच उपग्रहावरून दूरच्या शहरातलं तेच नेटवर्क बघण्याचा हक्क मिळे. 'पुरेसा' किती, हे टीव्ही किती खाली जाऊ शकतो यावरून ठरणार होतं. एफसीसीच्या प्रयोगशाळेनं २००५ मध्ये २८ संच तपासले. सर्वसाधारण संच उणे ८४ च्या आसपासच निघाला. कागदावरचं गृहीतक बाजारात टिकलं आणि निकष बदलण्याची गरज नाही, असं एफसीसीनं कळवलं.

तरीही जून २००९ मध्ये तक्रारी आल्याच. फिलाडेल्फियातलं डब्ल्यूपीव्हीआय त्या दिवसापासून डिजिटल प्रसारणासाठी चॅनल ६ वर आलं, शिकागोतलं डब्ल्यूएलएस चॅनल ७ वर. दोन्ही व्हीएचएफ. आदल्या दिवशीपर्यंत दिसणारं केंद्र अनेक घरांतून गायब झालं. काहींचं नव्यानं चॅनल स्कॅन करून सुटलं, बऱ्याच जणांचं नाही.

प्रयोगशाळेतला अ‍ॅटेन्युएटर टीव्हीच्या मागच्या सॉकेटपासून पुढचं मोजतो. त्या सॉकेटपर्यंत किती सिग्नल येईल, याचं गृहीतक वेगळं होतं: छतावर ३० फुटांवरचा अँटेना, केंद्राकडे तोंड केलेला. शहरातल्या घरात असतो टीव्हीवर ठेवलेला छोटा अँटेना, अनेकदा यूएचएफसाठीच बनवलेला. व्हीएचएफच्या लहरी लांब, त्यांना मोठा अँटेना लागतो. त्यात भिंती सिग्नल खातात आणि घरातली विजेची उपकरणं व्हीएचएफवर खरखर वाढवतात. उणे ८१ पेल्याची चाचणी पास झालेल्या संचालाही इथे इलाज नसतो.

या भागाचं मोजमाप प्रत्यक्ष जागेवर जाऊनच होतं, आणि तिथेही अ‍ॅटेन्युएटरच लागतो. उंच मास्ट असलेली गाडी एखाद्या गल्लीत उभी करतात, अँटेनाचा खरा सिग्नल अ‍ॅटेन्युएटरमधून रिसीव्हरला देतात आणि चित्र जाईपर्यंत घट वाढवतात. २५ डेसिबलवर गेलं तर त्या जागी २५ डेसिबलची शिल्लक आहे. २ वर गेलं तर समोरच्या झाडाला पालवी फुटली तरी चित्र जाऊ शकतं. १९९४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहराभोवती सुमारे २०० ठिकाणी गाडी फिरवून या पद्धतीच्या प्रसारणाची पहिली मोठी मैदानी चाचणी झाली होती.

२००९ च्या उन्हाळ्यात एफसीसीचे इंजिनिअर फिलाडेल्फिया आणि शिकागोत पुन्हा मोजमापं घेत फिरले. डब्ल्यूपीव्हीआयला प्रसारणाची शक्ती वाढवायला परवानगी मिळाली.